पाण्यावरचे पाहुणे

प्रवासाच्या हकीगती वाचून वाचकवर्ग आतां कंटाळला असेल, हें आम्ही जाणून आहों. अमुक वाजतां निघालों, अमुक ठिकाणीं उतरलों, अमुक देखावा पाहून डोळ्यांचें पारणें फिटलें, या साच्याचे लेख पुष्कळ निघतात. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचें कारण एवढेंच कीं, २०२५ च्या कार्तिकांत आम्ही घरचीं अकरा माणसें श्रीनगरच्या नगीन सरोवरावर एका हाउसबोटींत चार रात्री राहिलों, आणि देखाव्यापेक्षां निराळेंच कांहींतरी शिकून आलों. तें आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबांतून राहणाऱ्या वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटतें, म्हणून हा प्रपंच.

बेत आणि त्यावरचें सावट

आमचें बिऱ्हाड बदलापूर पूर्वेस, कात्रपांत. मातोश्री, वडील बंधु, वहिनी, आम्ही उभयतां आणि दोघां भावांचीं मिळून सहा मुलें, असा आमचा गोतावळा. एके काळीं कात्रप हें भातखाचरांचें खेडें होतें. आतां तेथें इमारतींची दाटी झाली आहे. तरी गच्चीवर गेलें कीं चंदेरीचा सुळका अजून दिसतो, बारवीचें धरण फार दूर नाहीं, आणि उल्हास नदी तर गांवची शेजारीणच. सबब पाणी आम्हांस नवें नाहीं; परंतु त्याची आमची ओळख प्रेमापेक्षां धाकाची अधिक. २६ जुलै २००५ चा पाऊस आमच्या भागांतील कोणीहि विसरणार नाहीं. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली आणि तींतील हजाराच्या आसपास उतारू बोटींनीं बाहेर काढावे लागले. त्या दोन दिवसांचें भय मातोश्रींच्या मनांत घर करून बसलें आहे. पावसाळ्यांत त्या रात्रीं उठतात आणि जिन्याची खालची पायरी कोरडी आहे ना, हें हात लावून पाहून येतात.

असें असूनहि पाण्यावर राहण्याची हौस मूळची त्यांचीच. लग्नानंतर वडिलांनीं त्यांस कल्याणास नेऊन दाखविलेला पहिला चित्रपट म्हणजे १९६४ सालीं निघालेला 'काश्मीर की कली'. त्यांतील शिकारे आणि तीं लांकडी घरें पाहून "पुढें-मागें आपणहि जाऊं" असें वडील म्हणाले. पुढें नोकरी, मुलांचीं शिक्षणें, आत्याबाईंचीं लग्नें यांत तें जाणें राहूनच गेलें, आणि वडीलहि गेले. मातोश्रींनीं ती गोष्ट कधीं काढली नाहीं. त्यांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं वहिनींनींच ती बोलून बोलून काढून घेतली, आणि २०२५ च्या मे महिन्यांत जाण्याचें ठरलें.

तोंच २२ एप्रिल उजाडला. पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणांत २६ माणसें गोळ्या घालून मारलीं गेलीं. त्यांतील तिघे डोंबिवलीचे होते. बदलापुराहून डोंबिवली हें लोकलचें सहावें स्थानक. ज्या गाड्यांनीं आम्ही रोज जातों-येतों, त्याच गाड्यांतलीं तीं माणसें. आठवडाभर आमच्या घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. सरकारनें काश्मीरांतील ८७ प्रवासी ठिकाणांपैकीं ४८ बंद केलीं. आमचा बेत अर्थातच मोडला.

यानंतर एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावांचून पुढचें समजणार नाहीं. बोटीच्या मालकाकडे आम्हीं निम्मे पैसे आगाऊ पाठविले होते. ते गेले असेंच आम्ही धरून चाललों होतों. त्या दिवसांत ते मागण्याचें मनहि झालें नाहीं. एके सकाळीं ते सर्वच्या सर्व परत आले. सोबत दोन ओळींचा निरोप होता: तुमच्या शेजारच्या घरांवर जें कोसळलें त्यापुढें मला बोलायला तोंड नाहीं, हे पैसे ठेवून घेणें मला शोभणार नाहीं.

आश्विनांत पुन्हां घरांत विचार निघाला. दादांचा स्पष्ट विरोध होता. "मुलें बरोबर घेऊन जायचें, आणि मनांत सारखी शंका बाळगायची, ही कसली सुटी?" असें ते म्हणत, आणि त्यांत खोटें कांहींच नव्हतें. आमच्या सौभाग्यवतीचें म्हणणें निराळें होतें. ज्या घरांत यंदा दिवाळी नाहीं, त्यांच्या इतक्या जवळ राहून आपण मौजेस कसें जावें, असें तिला वाटे. बोलणें तीन रात्री चाललें. शेवटीं मातोश्री म्हणाल्या, "अरे, मौजेला नकाच जाऊं. ज्यानें रिकाम्या बोटींत बसून आपले पैसे परत केले, त्याच्या दारीं एकदां जाऊन येऊं. मग काय तें ठरवा." त्यावर दादा कांहीं बोलले नाहींत. त्यांची काळजी संपली असें मात्र कोणीं समजूं नये. ते आले ते ती काळजी बरोबर घेऊनच.

वाटेविषयीं थोडें सांगून पुढें जाऊं. १९४७ पूर्वीं मुंबईकडील प्रवासी आगगाडीनें रावळपिंडी गांठी आणि तेथून मोटारीनें झेलमच्या कांठाकांठानें, बारामुल्लावरून श्रीनगरास पोंचे. फाळणीनें ती वाट मिटली आणि जम्मूवरून बनिहालची डोंगरी वाट तेवढी उरली. ६ जून २०२५ रोजीं चिनाब नदीवरील पुलाचें उद्घाटन झालें आणि कटऱ्याहून श्रीनगरास थेट आगगाडी जाऊं लागली. नदीच्या पात्रापासून हा पूल ३५९ मीटर उंच आहे. कल्याणाहून दिल्ली, दिल्लीहून कटरा आणि तेथून श्रीनगर असे आम्ही गेलों. पूल आला तेव्हां मुलांनीं खिडकीला नाकें लावलीं आणि मातोश्रींनीं डोळे मिटून रामरक्षा म्हटली.

तरतें घर

नगीन हा दल सरोवराचाच एक भाग. मध्यें अशाई बागेचा पूल आहे, त्याखालून शिकारा दलांत जातो. दलाच्या कांठच्या रहदारीपेक्षां येथें शांतता अधिक. एका बाजूस हरिपर्वताचा किल्ला, दुसऱ्या बाजूस झबरवानची डोंगररांग, आणि कांठावर लाल-तांबूस झालेले चिनार. कार्तिक हा त्या झाडांच्या रंगाचा महिना; फुलें पाहावयाचीं असतील तर वसंतांत जावें, आणि कमळें पाहावयाचीं असतील तर आषाढ-श्रावणांत.

हाउसबोट म्हटली कीं ती फिरते अशी पुष्कळांची समजूत असते. आमच्या मुलांचीहि होती. वास्तविक ती एके जागीं बांधलेली असते. हिंडण्याचें काम शिकाऱ्याचें. देवदाराच्या लांकडाची ही बोट ऐंशीपासून सव्वाशें फुटांपर्यंत लांब आणि त्या मानानें अगदीं चिंचोळी असते. रचना पाहून आम्हांस कोंकणांतील जुन्या घराची आठवण झाली. पुढें कोरीव कठड्याची पडवी, म्हणजे आपली ओटी, मग बैठकीची खोली, मग जेवणघर, आणि तेथून एका बाजूनें लांब बोळ व बोळाला लागून ओळीनें निजण्याच्या खोल्या. छताला खतमबंद म्हणतात तें काम असतें. लांकडाचे लहान लहान तुकडे भूमितीच्या आकृतींत एकमेकांत बसवून तें छत केलेलें असतें. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं उताणें पडून त्यांतील चांदण्या मोजण्याचा तीनदां प्रयत्न केला व तिन्ही वेळां निराळी संख्या सांगितली.

बोटीच्या मागें लागून एक साधी, कमी उंचीची नाव असते. तिला डोंगा म्हणतात. मालकाचें बिऱ्हाड त्यांत. साहेबी थाटाच्या या बोटींचें मूळ त्या डोंग्यांतच आहे. नावाड्यांची हांजी नांवाची जमात पिढ्यान् पिढ्या असल्या नावांतून राहत आली. १८९५ सालीं वॉल्टर लॉरेन्स यानें काश्मीर खोऱ्यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत हे लोक आपला मूळ पुरुष म्हणून नूहाचें नांव सांगतात असें नमूद आहे. जलप्रलयांतून नाव तारून नेणारा तो हाच नूह. आपल्याकडे मनूची आणि मत्स्याची कथा सांगतात. प्रलयाच्या आठवणीवर कोणा एका धर्माची मालकी नाहीं, हें यावरून दिसतें.

महाराजांच्या राज्यांत बाहेरच्या माणसास जमीन विकत घेण्याची मनाई होती. उन्हाळ्यासाठीं येणाऱ्या इंग्रजांनीं त्यावर तोड काढली ती पाण्यावर राहण्याची. १८८० नंतरच्या दशकांत केनार्ड नांवाच्या गृहस्थानें डोंग्याला साहेबी घराचें रूप दिलें असें लिहिलेलें आढळतें. श्रीनगरांत मात्र दुसरीहि कथा सांगतात. नारायणदास नांवाच्या एका काश्मिरी पंडिताचें दुकान जळालें, तेव्हां त्यानें माल नावेंत हलविला. पुढें ती नाव एका साहेबाला आवडली आणि विकली गेली. आणि दुकानदारीपेक्षां नावा बांधून विकणें बरें, हें पंडितांनीं ताडलें. एका पंडिताची युक्ति, एका साहेबाची हौस आणि हांजी सुतारांचे हात, अशा तिघांच्या मेळानें हें घर तरलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

पहिल्या रात्रीं मातोश्रींना झोंप लागली नाहीं. लाट येऊन तळाला लागे आणि लांकूड हळूच करकरे. दोन वाजतां त्या पडवींत येऊन उभ्या राहिल्या. तेथें मालक जागाच होता. हिंवाळ्यांत बोटीच्या तळांत पाणी शिरलें कीं काय हें तो रात्रींतून एकदां पाहतो. "पाणी चढतें आहे का?" असें मातोश्रींनीं विचारलें. तो हंसला नाहीं. त्यानें २०१४ च्या सप्टेंबरांतील महापुराची हकीगत सांगितली. झेलमचें पाणी शहरांत शिरून दुमजली घरें बुडालीं, तेव्हां शिकारेवाल्यांनींच खिडक्यांतून आणि छपरांवरून माणसें उतरवून आणलीं. त्याच्याहि बोटींत कित्येक दिवस शहरांतलीं कुटुंबें राहिलीं होतीं. "माँजी, घरें बुडालीं; बोटी पाण्याबरोबर वर आल्या," असें तो म्हणाला. मातोश्री आंत येऊन निजल्या. सकाळीं त्यांनीं आम्हांस सांगितलें, "त्याला आपली २६ जुलै ठाऊक नव्हती. मीं सांगितली."

चूल

आतां एक नाजूक गोष्ट. आमच्याकडे मातोश्रींचें सोंवळें-ओंवळें पूर्वीइतकें कडक राहिलेलें नाहीं; तरी मांसाहार जेथें शिजतो त्या चुलीवरचें त्या घेत नाहींत आणि चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य करतात. पहिल्या दिवशीं त्यांनीं घरून नेलेल्या दशम्या, फळें आणि दूध यांवर भागविलें. आम्हीं मालकास संकोचानें सांगितलें. तो "ठीक आहे" एवढेंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशीं मालकाच्या कुटुंबानें वहिनींना डोंग्यांत बोलाविलें. एका कोपऱ्यांत निराळी शेगडी, घांसून ठेवलेलीं निराळीं भांडीं आणि ताजी भाजी मांडलेली होती. "येथें मांस शिजत नाहीं. तुमच्या हातानें करा," असें ती बाई मोडक्या हिंदींत म्हणाली. मातोश्री आणि वहिनी तेथें बसल्या. वरणभात झाला. भाजीसाठीं नद्रू होता, म्हणजे कमळाचा देंठ. तो तळ्याच्या चिखलांतून काढतात. त्याचें काय करावें हें आमच्याकडे कोणास ठाऊक? तेव्हां त्या बाईनें बडीशेप, सुंठ, हिंग आणि दहीं घालून तो कसा करतात तें दाखविलें. कांदा नाहीं, लसूण नाहीं. मातोश्रींना नवल वाटलें. काश्मिरी पंडितांच्या रांधण्यांत कांदा-लसूण परंपरेनें नसतो. बाईच्या माहेरीं शेजारीं पंडितांचें घर होतें आणि लहानपणीं ती त्यांच्या चुलीपाशीं बसूनच हें शिकली होती.

"ते शेजारी आतां कोठें असतात?" असें वहिनींनीं सहज विचारलें. बाई बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "दाराला कुलूप आहे." १९९० च्या हिंवाळ्यांत खोऱ्यांतील बहुतेक पंडित कुटुंबें भयानें घरें सोडून जम्मू-दिल्लीकडे गेलीं, त्यांतील फारच थोडीं परतलीं. झेलमच्या कांठीं तीं मोडकळीस आलेलीं घरें आम्हींहि पुढें पाहिलीं, आणि तुलमुलच्या क्षीरभवानीस गेलों तेव्हां त्या कुंडाच्या कांठीं मातोश्री बराच वेळ बसून होत्या. डोंबिवलीचें दुःख आणि त्या कुलपाचें दुःख यांची बेरीज-वजाबाकी करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. एका घरची भाजी दुसऱ्या घरच्या बाईच्या हातांत जिवंत राहिली, आणि तिनें ती तिसऱ्या घराला दिली, एवढें आम्हीं पाहिलें.

पहांटेचा बाजार

तिसऱ्या दिवशीं पहांटे अंधारांतच शिकाऱ्यांतून निघालों. थंडी अशी कीं नाकाचा शेंडा आपला वाटेना. मालकानें मुलांच्या अंगांत तरंगणारीं बंड्या घातलीं आणि दादांनीं त्या प्रत्येकाच्या गांठी पुन्हां तपासल्या. अशाई बागेच्या पुलाखालून दलांत शिरल्यावर धुक्यांतून माणसांचे आवाज येऊं लागले. मग एकदम शेंकडों नावा दिसल्या. मुळे, नवलकोल, हाक नांवाची पालेभाजी आणि नद्रूच्या मोळ्या असा माल नावेंतून नावेंत जात होता. तास-दीड तासांत हा बाजार भरतो व मोडतो. आमच्यासारख्या प्रवाशांसाठीं तो मुळींच नाहीं. हें शहराचें भाजीचें ठोक पेठेचें ठिकाण आहे.

ही भाजी कोठें होते, हें पाहून मुलें चकित झालीं. सरोवरांतील लव्हाळे आणि पाणवनस्पति यांच्या जाड गुंतवळीवर चिखल घालून तरते वाफे करतात. त्यांस राद म्हणतात. काकड्या, टोमॅटो, दुधी त्यांवर चांगले पिकतात. खुंट सोडून हा वाफा नावेनें ओढूनहि नेतां येतो. त्यामुळें येथें शेत चोरीस जाण्याची भीति असे, असें जुन्या ग्रंथकारांनीं लिहून ठेविलें आहे. हें ऐकून आमची पुतणी म्हणाली, "आपल्याकडे सातबाऱ्यावर चोरतात, इकडे दोरीनें!" दादा त्या सफरींत प्रथमच मोठ्यानें हंसले.

पुतण्याचा प्रश्न

परत येतांना थोरल्या पुतण्यानें एक प्रश्न केला. तो चौदा वर्षांचा आहे आणि नको तेथें नको तें विचारतो. "आपण बोटींत जें पाणी वापरतों तें कोठें जातें?" आम्हीं त्यास डोळ्यांनीं दटावलें, परंतु मालकानें वल्हें थांबवून सरळ उत्तर दिलें. कांहीं बोटी आतां किनाऱ्यावरील गटाराच्या नळास जोडल्या आहेत, सर्व नाहींत. पूर्वीं सगळेंच तळ्यांत जाई. १९८८ सालीं सरकारनें नव्या बोटींना परवाना देणें बंद केलें. २००९ सालीं उच्च न्यायालयानें या सांडपाण्याची दखल घेऊन निर्बंध घातले, आणि मग कित्येक वर्षें जुन्या बोटींची दुरुस्तीहि अडून राहिली. बोटींची संख्या आज हजाराच्या आंत आली आहे. शहराचे नाले आणि कांठची वस्ती यांतून येणारी घाण बोटींच्या घाणीपेक्षां कितीतरी पटींनीं अधिक आहे, असें अभ्यास करणारे सांगतात. मालकानें तेंहि सांगितलें. पण पुढें म्हणाला, "दुसऱ्याची मोठी आहे म्हणून माझी लहान होत नाहीं. माझीं नातवंडें हेंच पाणी पाहून मोठीं व्हायचीं."

दल सरोवराची सरासरी खोली अवघी पांच फुटांच्या आसपास. इतक्या उथळ पाण्यांत गाळ आणि मैला जाऊं लागला कीं वनस्पति माजतात, त्या कुजून पुन्हां गाळ होतो, आणि तळें हळूहळू जमीन बनतें. यंत्रांनीं शेवाळ उपसण्याचें काम सतत चालूं असतें. तें आम्हींहि पाहिलें.

त्या संध्याकाळीं शेगडीभोंवतीं बसून आम्हीं मुलांस राजतरंगिणींतील सुय्याची गोष्ट सांगितली. नीलमतपुराणांत तर अख्खें काश्मीर हेंच मूळचें सतीसर नांवाचें सरोवर होतें आणि कश्यपाच्या विनंतीवरून देवांनीं त्याचें पाणी वाहून नेलें, अशी कथा आहे. परंतु बाराव्या शतकांत कल्हणानें लिहिलेली सुय्याची हकीगत कथेहून रम्य आहे. नवव्या शतकांत, अवंतिवर्म्याच्या राज्यांत, वितस्तेचें पात्र दगड-गाळानें तुंबून वारंवार पूर येत व दुष्काळ पडत. सुय्या हा टाकून दिलेला पोर. एका चांडाळ स्त्रीला सांपडलेला. त्यानें राजाकडून नाण्यांचे हंडे मागून घेतले आणि तो तीं नाणीं मुठीमुठीनें नदींत टाकीत सुटला. लोक त्यास वेडा म्हणाले. पण नाण्यांच्या आशेनें भुकेल्या लोकांनीं उड्या टाकून दगड-गाळ उपसला आणि नदी मोकळी झाली. पुढें त्यानें बंधारे आणि कालवे केले, आणि जें धान्य दोनशें दिनारांस मिळे तें छत्तीसांस मिळूं लागलें, असें कल्हण सांगतो. सोपूर हें गांव त्याच्याच नांवाचें, म्हणजे सुय्यपुर.

गोष्ट संपल्यावर पुतण्या म्हणाला, "मग आपल्या वालधुनींत कोणी नाणीं टाकायचीं?" याला उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. अंबरनाथचें शके ९८२ चें शिवालय ज्या वालधुनीच्या कांठीं उभें आहे, तिच्या पाण्यांत आज पाय घालवत नाहीं. कारखान्यांस नांवें ठेवणें सोपें. परंतु कात्रपांतल्या आमच्याच घरचें सांडपाणी पुढें कोठें जातें, याची चौकशी आम्हीं त्या दिवसापर्यंत कधींहि केली नव्हती. पाण्यावर राहिल्यानें एवढें कळलें. जमिनीवरच्या घरांत आपण जें टाकतों तें दृष्टिआड होतें. बोटींत तें खिडकीखालींच असतें.

त्रिपुरी पौर्णिमा

५ नोव्हेंबरास त्रिपुरी पौर्णिमा होती. मातोश्रींनीं घरून वाती आणि पणत्या आणल्या होत्या. बोटीच्या पुढच्या पायऱ्यांवर दिवे लावावे आणि दोन-चार पाण्यांत सोडावे, असें त्यांच्या मनांत होतें. मुलांनीं दुपारपासून पणत्या मांडून ठेविल्या. मालकानें त्या पाहिल्या आणि तो हात जोडून उभा राहिला. बोटीवर उघडी ज्योत लावूं देतां येणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. ११ नोव्हेंबर २०२३ च्या पहांटे दलावर लागलेल्या आगींत पांच बोटी भस्म झाल्या होत्या आणि बांगलादेशांतून आलेले तीन प्रवासी दगावले होते. जुनें देवदार एकदां पेटलें कीं विझत नाहीं. शेजारच्या बोटी अगदीं लागून. "माँजी, तुम्ही मागाल तें देईन, हें नाहीं देतां येत," असें म्हणतांना त्याचा चेहरा उतरला होता.

मातोश्रींना वाईट वाटलें. एवढी दूर येऊन कुळाचार राहणार, हें त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतें. मुलांपैकीं एक जण म्हणाला, "आपण पैसे दिलेत ना?" त्याबरोबर मातोश्री त्याच्याकडे वळल्या. "पैसे राहायचे दिले. त्याच्या घराला काडी लावायचे नाहीं दिले." मग थोड्या वेळानें आपल्याशींच बोलल्यासारखें म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरीं आपला नेम चालवावा, तो यजमानाला झोंप येईल अशा बेतानें."

संध्याकाळीं मालकानेंच तोड काढली. शिकारा आणून त्यानें मातोश्रींना किनाऱ्यावरच्या दगडी पायऱ्यांशीं नेलें. वहिनींनीं कणकेचा एक दिवा केला होता. मातीची पणती तळाशीं जाऊन पडते, कणीक निदान मासे खातात. वारा होता. दोनदां वात विझली. तिसऱ्या वेळीं मालकानें आपला फेरन दोन्ही हातांनीं पसरून आडोसा केला आणि दिवा लागला. तो पाण्याच्या अगदीं कडेच्या पायरीवर ठेविला. पाण्यांत सोडला नाहीं. झबरवानच्या माथ्यावर पूर्ण चंद्र आला होता. मातोश्री बराच वेळ दिव्याकडे न पाहतां समोर पाण्यावर डोलणाऱ्या बोटींकडे पाहत होत्या. नंतर म्हणाल्या, "ह्यांना दाखवायला हवें होतें."

जाणाऱ्यांस दोन शब्द

ज्यांचा असा बेत असेल त्यांच्यासाठीं थोड्या सूचना देतों. बोट ठरवितांना खोल्यांच्या थाटापेक्षां तिचें सांडपाणी किनाऱ्याच्या नळास जोडलें आहे काय, हें प्रथम विचारावें. विचारणारे वाढले तर जोडणारेहि वाढतील. जाण्यायेण्याचा शिकारा भाड्यांत धरला आहे किंवा नाहीं, तें आधींच लिहून घ्यावें. मोठें कुटुंब असेल तर सगळी बोटच घ्यावी. एकत्र कुटुंबास तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाहीं. लोंकरी कपडे भरपूर असावेत. बोटींत उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती कांहींहि पेटवूं नये, आणि शेगडी असेल ती निजण्यापूर्वीं मालकाकडून विझवून घ्यावी. मुलांच्या अंगांतील तरंगणारी बंडी शिकाऱ्यांत क्षणभरहि काढूं नये. खाऊचे कागद व बाटल्या पिशवींत भरून परत न्याव्या. आमच्या अशा दोन पिशव्या भरल्या. निघण्यापूर्वीं त्या भागाची त्या वेळची स्थिति काय आहे याची नीट चौकशी करावी, आणि घरांत कोणाचें मन धजत नसेल तर त्यास भित्रा म्हणूं नये.

निघतांना आम्हीं पैसे पुढें केले. मालकानें मोजून घेतले आणि त्यांतील थोडे परत केले. चार दिवसांपैकीं दोन दिवस जेवण तुम्हींच रांधलें, त्याचे पैसे मी कसे घेऊं, असें त्याचें म्हणणें. दादांनीं घासाघीस केली, ती उलटी. जास्त द्यावे म्हणून. शेवटीं मातोश्रींनीं ते पैसे त्याच्या नातीच्या हातांत ठेविले आणि विषय संपला. मालकाच्या कुटुंबानें वाळविलेल्या नद्रूची पुडी वहिनींना दिली. वहिनींनीं मेतकुटाचा डबा तिच्या स्वाधीन केला.

घरीं आल्यावर दुसऱ्याच दिवशीं पुतण्यानें इमारतीच्या मंडळीस गांठून आपलें सांडपाणी कोठें जातें तें विचारलें. समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. त्यानें लेखी अर्ज लिहिला, आणि त्यावर घरांतल्या सर्व मोठ्या माणसांनीं सह्या केल्या. पहिली सही मातोश्रींची आहे.